सोनगड चढताना

हजीऱ्याला डोंगर नाही. तापी समुद्राला मिळते तिथं सगळं सपाट. खाजण, गाळ, जेट्या, चिमण्या. चढायची हौस असेल तर नदी उलटी धरून धुळ्याच्या रस्त्याला लागायचं आणि उकाईच्या जवळ, सोनगडला उतरायचं.

१७१९च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी ही टेकडी भिल्लांकडून घेतली. गायकवाडीचं गुजरातेतलं पहिलं बिऱ्हाड ते हे! बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहिलेल्या माणसाला खरं वाटणार नाही. सुरतेभोवतीच्या परगण्यांवर, म्हणजे सुरत अठ्ठाविशीवर वचक होता तो या टेकडीवरून. १७३२मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा खून झाला. पुढे त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी पाटण गाठलं, मग गादी बडोद्यात स्थिरावली. गड जिथल्या तिथं राहिला.

वाट सोपी आहे, पण चैत्रातलं ऊन सोपं नसतं. सागाची वाळकी पानं पायाखाली करकरतात. तटाचे दगड सुटलेत, सांध्यांतून झाडं उगवलीत, आणि दरवाजा कुणाला अडवायचा हे विसरून उभा आहे. अशा ठिकाणी गळा दाटून येतो, हे आम्हा मराठी माणसांचं जुनंच दुखणं. पडका बुरूज दिसला की आधी इतिहास आठवतो, मग पाणी कुठं मिळेल ते.

माझा गळा मात्र वर पोचल्यावर दाटला, तोही तटासाठी नव्हे. समोर उकाईचं पाणी पसरलं होतं. १९७२मध्ये धरण पुरं झालं आणि दीडशेहून अधिक गावांना त्याची झळ लागली, कित्येक तर पुरतीच बुडाली. गामीत, वसावा, भिल्लांची गावं. कुडाच्या भिंती, शेणाचं सारवण, अंगणात महू. पाण्याखाली त्यातलं काय टिकणार? गायकवाडांच्या भिंतीला निदान पडून राहायला जागा मिळाली. पिलाजीरावांच्या आधी या माथ्यावर कोण राहत होतं, कुणाची चूल होती, त्याचाही एक दगड दाखवता येत नाही. हेच पाणी खाली सुरत पिते, त्यावर हजीऱ्याचे कारखाने चालतात, आमच्या कॉलनीतल्या नळालाही तेच येतं.

गडाच्या पायथ्याशी कधी मोठी पाटी लावायचीच झाली, तर सुरुवात भिल्लांपासून करावी. मग बुडालेल्या गावांची नावं, एकही न गाळता. त्यानंतर जागा उरली तर पिलाजीराव. ते काही रागावणार नाहीत, त्यांच्या घराण्याचं नाव बडोद्यात पुष्कळ ठिकाणी आहे.