सायरन कधी आणि कुठे

मामांना वाईहून पुण्याला हलवायचं ठरलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. ईसीजी बघून तिथल्या डॉक्टरांनी "आता इथे वेळ घालवू नका" म्हणून सांगितलं. मामी मागे मामांजवळ, मी पुढे ड्रायव्हरदादांशेजारी. गाडी सुरूरला हायवेला लागली. टपावरचा दिवा फिरत होता, पण सायरन नाही. मला राहवेना. "दादा, सायरन लावा ना."

"रस्ता मोकळा हाय की. ऐकवायचा कुणाला? मागं पेशंटलाच."

खंबाटकीच्या बोगद्याआधी ट्रकांची रांग लागली, तेव्हा त्यांनी तो लावला. मधल्या काचेतून मागे पाहिलं, तर मामांनी स्ट्रेचरची दांडी घट्ट धरलेली आणि मामी पदराने त्यांचे कान झाकतेय. रांग संपताच आवाज बंद.

दादांच्या हाताशी बटणांचा छोटा डबा होता. त्यात दोन सूर. लांब ओढलेला हायवेसाठी, तुटक आणि घाईचा चौकासाठी. कात्रजचा नवा बोगदा सोडून नवले पुलाकडे उतरताना मात्र त्यांनी तुटक सूर लावला तो थेट खाली येईपर्यंत. "हितं ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरतात. काचा बंद, गाणी चालू. नुसता दिवा बघतंय कोण?" त्या उतारावरच्या अपघातांबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पुढे शहरात लाल सिग्नल आला की वेग कमी, दोनदा तुटक आवाज, दोन्हीकडे नजर, मग पार. हॉस्पिटलच्या गल्लीत वळल्यावर काहीच नाही.

मामांची अँजिओप्लास्टी झाली. आयसीयूबाहेर बसून बसून मी फोनवर नियम काढून वाचले (वकिलाच्या घरातली खोड). ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात हॉर्नला मनाई करतात. शांतता क्षेत्रात तर दिवसाही मनाई. अपवाद सार्वजनिक आणीबाणीचा. आता एकट्या मामांच्या छातीतली कळ सार्वजनिक कशी, हे ज्याने त्याने ठरवावं. मोटार वाहन नियमांनी अनेक सुरांचा भोंगा इतरांना बंद करून रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांना मोकळीक दिली आहे. २०१७ च्या विनियमांप्रमाणे अशा गाडीला लाल सिग्नल ओलांडता येतो, पण जबाबदारीने. वाट न देणाऱ्याला २०१९ पासून कायद्यात १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण रात्री दोनला, रिकाम्या रस्त्यावर, झोपलेल्या सोसायट्यांमधून जाताना काय करायचं? ते शेवटी दादांच्या बोटावरच.

मला ते बरोबर वाटतं. "रात्री सायरन बंद" असा सरसकट नियम नवले पुलावर कुणाचा तरी जीव घेईल.

अडचण वेगळीच आहे, आणि ती दादांनीच चहा पिताना काढली. पेशंट सोडून रिकामे परतणारे काही जण सिग्नल चुकवायला सायरन लावतात. "त्यांच्यामुळं आमच्या खऱ्या सायरनला पण लोक हलत न्हाईत." मी म्हटलं, मग पोलिसांनी अडवून बघावं आत. दादा हसले. "अडवली, आणि आत पेशंट निघाला तर?"