पुडीवरचं वजन

इच्छापोरच्या ज्या हिरे कारखान्यात मी हिशेब सांभाळतो, तिथे प्रत्येक हिरा कागदाच्या पुडीत असतो आणि पुडीवर त्याचं वजन लिहिलेलं असतं. कारागिराला देताना वजन होतं, परत घेताना पुन्हा होतं. वीस वर्षांचा जुना कारागीर असला तरी होतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. घट अंदाजापेक्षा जास्त आली, तर विचारणा त्याच दिवशी होते.

ही शिस्त मी रोज वहीत उतरवत होतो आणि त्याच टेबलाच्या खणातल्या मोबाइलवर मोडत होतो.

लॉकडाऊनमध्ये अनेकांसारखा मीही शेअर बाजारात शिरलो. पुढे ऑप्शन विकायला शिकलो. पुट विकणं हे विमा विकण्यासारखं असतं. बाजार पडला नाही तर हप्ता आपला, पडला तर भरपाई आपण द्यायची. कमाई ठरलेली आणि छोटी, नुकसान मात्र त्याच्या कित्येक पट मोठं होऊ शकतं. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले होते. एका वेळी चारपेक्षा जास्त लॉट नाहीत. विकलेल्या ऑप्शनचा भाव दुप्पट झाला की बाहेर पडायचं. आणि एकदा लावलेला स्टॉपलॉस हलवायचा नाही. हे पाळलं तोवर फार मिळालं नाही, पण फार गेलंही नाही.

मार्च २०२४ मध्ये एका दुपारी भाव स्टॉपलॉसच्या अगदी जवळ आला. मी तो काढून टाकला. तासाभरात बाजार फिरला आणि मला साडेसहा हजार मिळाले. घरी जाताना मी खुशीत पेढे नेले. तेव्हा नुकसान झालं असतं तर कान धरून पुन्हा वाटेवर आलो असतो. झालं उलटंच, नियम मोडल्याचं बक्षीस मिळालं. एप्रिल-मेमध्ये हेच आणखी काही वेळा जमलं. चारचे सहा लॉट झाले, सहाचे दहा. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली तीन लाखांची मुदतठेव मोडून मी खात्यात वळवली. ‘महिनाभरासाठीच,’ असं स्वतःला सांगितलं. बायकोला सांगितलं नाही.

१ जूनला संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढून २३,२६३ वर बंद झाला. मी गुरुवारच्या मुदतीचे २२,५०० चे पुट शंभराच्या आसपास विकले. दहा लॉट, म्हणजे अडीचशे नग. सगळं नीट झालं तर पंचवीस हजार मिळणार होते. स्टॉपलॉस लावलाच नाही.

४ जूनला बाजार थोडाच खाली उघडला. मतमोजणीचे आकडे येऊ लागले आणि माझ्या पुटचा भाव दोनशेच्या वर गेला. चार लॉट असते आणि तिथे बाहेर पडलो असतो, तर दहा हजारांच्या आसपास गेले असते. मी ‘थोडं थांबू’ म्हटलं. दुपारी निफ्टी २१,३०० च्याही खाली गेला. मार्जिन संपलं आणि ब्रोकरनेच माझे सौदे कापले. नुकसान दोन लाख ऐंशी हजार. समोर कारागीर पुड्या जमा करत होते आणि मला वहीतले आकडे दिसेनात.

त्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडून २१,८८४ वर बंद झाला. पण गुरुवारी तो २२,८०० च्या वर होता. म्हणजे मी विकलेला पुट शून्यावर संपला. कारखान्यातला एक तरुण मुलगा म्हणाला, “काका, थांबला असतात तर पंचवीस हजार सुटले असते!” हाच तो मार्चचा धडा, पुन्हा नव्याने. थांबायला खात्यात पैसे लागतात आणि माझे मंगळवारीच संपले होते.

नऊ दिवस मी घरी काही बोललो नाही. प्रवेशाच्या फीचा विषय निघाला तेव्हा सांगावंच लागलं. किती गेले, हे तिने आधी विचारलं नाही. “कधीपासून चाललंय हे?” एवढंच विचारलं. मी ४ जून म्हणणार होतो. तोंडून निघालं, “मार्चपासून.” पेढ्यांचा दिवस तिच्याही लक्षात होता.

मुलीसाठी शैक्षणिक कर्ज काढलं. तिला खरं कारण मीच सांगितलं. ती फक्त “बरं, बाबा” म्हणाली. ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अभ्यास आला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांचं नुकसान झालं होतं. एकूण आकडा १.८ लाख कोटींच्या वर. शेवटच्या वर्षात यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो आहे. ‘मी नियम पाळीन’ असं तुम्हीही म्हणाल. मीही म्हणत होतो आणि चार वर्षं पाळलेही. पण जो नियम आपल्याच अंगठ्याने पुसता येतो, तो कधीतरी पुसला जातोच.

आता माझ्या खात्यातला ऑप्शनचा विभाग बंद आहे. दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात जाते आणि कर्जाचा हप्ता भरला जातो. रविवारी संध्याकाळी बायको वही मागते आणि मोबाइलवरच्या शिलकेशी आकडे ताडून बघते. पहिल्या रविवारी मला अपमान वाटला. सोमवारी कारखान्यात पुड्यांचं वजन होताना बघितलं आणि तो गेला.