शोभेचा कीबोर्ड

या संगणकाच्या कळा दाबल्या जात नाहीत. मूळ कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर होत्या त्या सगळ्या आहेत, उजव्या कडेला चार फंक्शन कळासुद्धा आहेत, पण सगळा मिळून प्लास्टिकचा एकच ओतीव तुकडा. बोट टेकवलं तरी काही हलत नाही. मूळ यंत्राच्या साधारण निम्म्या आकाराची ही तपकिरी वस्तू २०१८ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये विक्रीला आली. नाव ‘द सी६४ मिनी’. अंगावर कुठेही ‘कमोडोर’ हा शब्द नाही, कारण ते नाव वापरायचा हक्क बनवणाऱ्यांकडे नव्हता. म्हणजे आकार अर्धा, नाव अर्धं आणि कीबोर्ड शोभेचा. लेस्टरमध्ये वाढलेल्या माझ्या मावसभावाने, दादाने, ते दिवाळीत आणून दिलं आणि म्हणाला, “हे घे माझं बालपण. तुझ्याकडे राहू दे, मी दुसरं घेतलंय.”

त्याचं बालपण खरं, पण माझं नव्हे. सांगलीत आमच्या आळीत कमोडोर कुणी पाहिलाही नव्हता. ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स नावाच्या कंपनीने परवाना घेऊन सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक भारतात विकला होता, पण हे मी पुष्कळ नंतर वाचलं. आमच्यापर्यंत तोही पोचला नाही. आमच्यापर्यंत पोचला तो ‘टीव्ही गेम’. निंटेंडोच्या १९८३ सालच्या जपानी यंत्राची नक्कल, त्यात खुपसायच्या पिवळ्या कॅसेटी, कॅसेटीवर ‘९९९९९९९ इन वन’ आणि आत तेच पाच-सात गेम नावं बदलून. चित्र आलं नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. भावांचं मन भरलं की मग माझा नंबर, तोही दोन नंबरच्या रिमोटवर. सांगायचा मुद्दा असा की अस्सल म्हणावं असं माझ्या हाती कधी काही आलंच नाही. त्यामुळे या छोट्या यंत्राच्या खोटेपणाने मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. दादाला त्यात त्याची लेस्टरमधली खोली दिसते. मला यंत्र दिसतं.

आत बघायला गेलं तर एक स्वस्त चिप, तिच्यावर लिनक्स, आणि लिनक्सवर ‘व्हाइस’ नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. जगभरच्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेला आणि फुकट वाटलेला. सोबत चौसष्ट गेम भरूनच येतात. ते ठीक आहेत, काही उत्तम आहेत. पण खरी मजा पेन ड्राइव्हमध्ये आहे. फॅट३२ पद्धतीने तयार केलेला पेन ड्राइव्ह बाजूला खोचला की पडद्यावर त्याचं चिन्ह येतं आणि आपण आणलेल्या फाइली उघडतात. पहिल्या आवृत्तीत ही सोय नीट नव्हती. एका ठरावीक नावाची एकच फाइल ते यंत्र ओळखायचं, गेम बदलायचा तर संगणकावर जाऊन फाइलींची नावं बदलून यायची. मग सुधारणा आली आणि यादी दिसू लागली.

या फाइलींमध्ये सगळ्यात जास्त सापडते ती डी६४. एका सव्वापाच इंची फ्लॉपीची एक बाजू जशीच्या तशी उतरवून घेतलेली. पस्तीस ट्रॅक, ६८३ सेक्टर, प्रत्येकात २५६ बाइट, एकूण १,७४,८४८. मोबाईलने काढलेल्या एका फोटोच्या जागेत अशा दहा-पंधरा फ्लॉप्या सहज बसतात. १९८५ सालचा ‘पॅराड्रॉइड’ घ्या. अँड्र्यू ब्रेब्रूक हा गेम लिहीत असताना त्याची रोजनिशी ‘झॅप!६४’ मासिकात छापून येत होती. जहाजावर पिसाळलेले रोबो, आणि आपण एका क्षुल्लक रोबोच्या रूपात एकेकाच्या अंगात शिरत वर चढत जायचं. एवढा सगळा डोलारा ६४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात मावत होता.

मला वाटलं होतं, फाइल मिळाली म्हणजे गेम मिळाला. पण लोक फाइलींना देतात ती नावं पाहिली की वेगळंच काही लक्षात येतं. नावाच्या शेवटी एक अधोरेषा आणि पुढे काही अक्षरं: जे१, जे२, टीपी, टीएन, एडी. नावातली ही शेपटी वाचून यंत्र स्वतःला जुळवून घेतं. प्रत्येक अक्षरामागे जुन्या कमोडोरची एकेक खोड आहे.

जे१ आणि जे२ ही जॉयस्टिकची भोकं. मूळ यंत्राला दोन होती. त्यातल्या पहिल्याच्या तारा कीबोर्डच्या तारांशी सामायिक होत्या, त्यामुळे तिथे जॉयस्टिक हलवली तर संगणकाला वाटायचं कुणीतरी कळा दाबतंय. म्हणून बहुतेकांनी आपले गेम दुसऱ्या भोकासाठी लिहिले. पण सगळ्यांनी नाही. आज यूएसबीला पहिलं-दुसरं असला भेदच नाही, तरी फाइलीला सांगावं लागतं की बाई, तुझी जॉयस्टिक अमुक भोकात आहे असं समज. टीपी आणि टीएन म्हणजे टीव्हीची पद्धत. युरोपातला पाल टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा चित्र आखायचा, अमेरिकेतला एनटीएससी साठ वेळा, आणि गेम आपलं घड्याळ म्हणून टीव्हीचीच मदत घ्यायचे. ब्रिटनमध्ये लिहिलेला गेम अमेरिकी पद्धतीवर चालवा, संगीतासकट तो पळत सुटतो. शिवाय अमेरिकी चित्रात रेषा कमी. रेषा मोजून मोजून केलेल्या करामती तिथे कोसळतात. आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनेच, आणि त्याच वर्षी कमोडोर ६४ अमेरिकेत ५९५ डॉलरला दुकानात आला. त्याचा तेव्हा आपल्याला काही उपयोग नव्हता, पण निदान आपले टीव्ही दादाच्या बाजूचे होते.

एडी हे सगळ्यात गमतीचं. ‘अ‍ॅक्युरेट डिस्क’, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हची हुबेहूब नक्कल कर. कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह ही वेगळी पेटी होती आणि तिच्यात स्वतंत्र प्रोसेसर आणि स्वतःची दोन किलोबाइट स्मृती होती. म्हणजे खरं तर दोन संगणक एका वायरने एकमेकांशी बोलायचे, आणि इतकं सावकाश की सेकंदाला तीन-चारशे बाइटच पलीकडे जायचे. या संथपणाचं मूळ आधीच्या यंत्रातल्या एका चिपच्या दोषात होतं. तो दोष टाळायला चिपऐवजी प्रोग्रॅमनेच एकेक बिट पाठवायची पद्धत काढली, आणि जुन्या सामानाशी जुळवून घेता घेता ती नव्या यंत्रातही राहिली. मोठा गेम चढायला दोन-तीन मिनिटं लागायची. यावर गेम लिहिणाऱ्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. ते आपला छोटा प्रोग्रॅम आधी ड्राइव्हच्याच मेंदूत पाठवायचे, आणि मग दोन्ही बाजूंनी ठरवून, खाणाखुणांच्या नव्या भाषेत माल झपाट्याने हलवायचे. आता ही चलाखी एम्युलेटरवर चालवायची तर त्याला दोन्ही प्रोसेसर एका ठेक्यात चालवावे लागतात. एक जरा पुढेमागे झाला की पडदा गोठतो. म्हणून मिनी एरवी आडवाटेने माल पटकन उचलतो, आणि नावात एडी असेल तर मात्र शहाण्यासारखा हळू चालतो. गेमने वेग वाढवायला केलेली युक्ती आज नीट चालावी म्हणून यंत्राला मुद्दाम संथ करायचं.

हे सगळे दोष घाईतून आणि काटकसरीतून आले होते. जानेवारी १९८२ च्या लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवायचा म्हणून दोन-तीन महिन्यांत नमुने उभे केले गेले. कंपनीचा संस्थापक जॅक ट्रॅमियल, पोलंडच्या लॉज शहरातला ज्यू, ऑशवित्झमधून वाचलेला. अमेरिकेत येऊन टाइपरायटर दुरुस्त करता करता मोठा झालेला. स्वस्त विकायचं हा त्याचा ध्यास. स्वस्तात आणि घाईत जे होतं ते झालं. पण लिहिणाऱ्यांनी त्या दोषांनाच कामाला लावलं. कमोडोरची आवाजाची चिप, एसआयडी, बॉब यानेस नावाच्या तरुण इंजिनिअरने बनवली. पुढे त्याने एन्सॉनिक ही वाद्यं बनवणारी कंपनी काढण्यात भाग घेतला. चिपला तीनच आवाज. शिवाय एक खोट होती: आवाजाची पातळी बदलली की बारीक ‘टक्’ असा आवाज यायचा. कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलली तर या टक्टकींतून ढोल वाजवता येतो, माणसाचं बोलणंही उमटवता येतं. चौथा आवाज फुकट मिळाला. पुढे कंपनीने चिप सुधारली, टक् जवळजवळ नाहीशी झाली, आणि सुधारलेल्या यंत्रावर त्या गेममधले ढोल ऐकूच येईनासे झाले. आज एम्युलेटर लिहिणारे ती खोट बेतून, मोजून परत आणतात. शिवाय जुन्या चिपचा फिल्टर प्रत्येक नगात थोडा वेगळा वाजायचा. रॉब हबर्डने १९८५ साली ‘माँटी ऑन द रन’ या गेमचं संगीत केलं ते त्याच्या टेबलावरच्या चिपवर. मग खरं ते कुठलं? त्याने ऐकलेलं की लेस्टरमध्ये दादाने ऐकलेलं?

भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या म्हणून त्या आपल्याला मिळाल्या, पण कागदावरची बंदिश गायची तर गळा घराण्यातच तयार झालेला लागतो. डी६४ ही स्वरलिपी आहे. ती जपणं सोपं; पेन ड्राइव्हवर हजारोंनी मावते. गळा जपणं अवघड, आणि एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी ते अवघड काम केलंय. गेमची नक्कल ते करतच नाहीत. ते गेमच्या भोवतालची नक्कल करतात: तारा, टीव्ही, ड्राइव्हचा संथपणा, चिपची टक्टक. गेमला पत्ताही नसतो की साल बदललंय.

आता या फाइली येतात कुठून, हे न सांगता पुढे जाणं लबाडीचं होईल. कंपन्यांनी फ्लॉपीवर मुद्दाम चुकीचे सेक्टर ठेवून कुलपं घातली होती. साध्या डी६४ मध्ये ही कुलपं सहसा उतरत नाहीत. ती टिपायला जी६४ हा वेगळा प्रकार लागतो. म्हणून आज फिरतात त्या बहुतेक प्रती कुलपं तोडलेल्या आहेत, जर्मनी-हॉलंडपासून स्कँडिनेव्हियापर्यंतच्या पोरांनी रात्री जागून तोडलेल्या. गेमच्या आधी त्यांची जाहिरात येते: टोळीचं नाव, सरकती अक्षरं, मित्रांना नमस्कार, शत्रूंना शिव्या आणि झकास संगीत. कधीकधी ती जाहिरातच गेमपेक्षा सरस असते. कायद्याने ही चोरी होती आणि अजूनही आहे. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम रीतसर विकतच मिळत नाहीत असं दिसलं. मालकांनी टाकून दिलेलं चोरांनी सांभाळलं. मला या वाक्याचा मोह पडतो आणि ते पुरतं पटतही नाही, कारण ब्रेब्रूकसारखी एकट्याने महिनोन्‌महिने खपणारी माणसं याच पोरांमुळे बुडत होती. जे गेम आजही कुणी रीतसर विकतंय ते मी विकत घेते. उरलेल्यांच्या बाबतीत माझं मन साफ आहे असं म्हणवत नाही.

खेळण्याच्या बाबतीत मी अजून कच्चीच. ‘इम्पॉसिबल मिशन’मध्ये तो धावणारा गडी कोलांटी मारतो ती पाहतच राहावी इतकी डौलदार, पण मी त्याला सारखी खड्ड्यात घालते. दादा व्हिडिओ कॉलवर डोक्याला हात लावतो. “अगं, आधी कपाटं तपास, मग उडी मार.” तो यंत्राने दिलेल्या चार जागांमध्ये खेळ साठवत साठवत पुढे जातो, आणि लहानपणी न सुटलेले गेम एकामागून एक निकालात काढतोय. घाईत आहे तो.

आमचं भांडण आहे ते एडीवरून. त्याने आपल्या पेन ड्राइव्हवरच्या नावांमधून ती अक्षरं शक्य तिथे काढून टाकली आहेत. जिथे त्याशिवाय गेम सुरूच होत नाही तिथे तेवढी ठेवली. “बर्फात खिडकीशी बसून पुष्कळ वाट पाहिली मी,” म्हणतो, “आता नाही.” माझ्या पेन ड्राइव्हवर गरज असो-नसो सगळीकडे एडी आहे. टीव्ही गेमची कॅसेट खोचली की गेम लगेच सुरू व्हायचा, आम्ही वाट पाहायचो ती नंबर लागायची. यंत्र कामाला लागलंय आणि आपण गप्प बसलोय, हे मला नवीन आहे. तो नोव्हेंबरात येतोय, आणि येताना स्वतःचा पेन ड्राइव्ह आणणार आहे.