यवनांच्या बेटांवर बोटीने

पिरेअस हे ग्रीसमधल्या अथेन्स शहराचे बंदर. शहरातून मेट्रोने तिथे जाता येते. त्यातला जुना रेल्वेमार्ग १८६९ सालचा आहे. सप्टेंबर महिन्यातल्या एका सकाळी सहा वाजताच आम्ही दोघे, म्हणजे आम्ही आणि आमच्या आयुष्मती, बॅगा घेऊन त्या बंदरात उभे होतो. बंदर एवढे मोठे की वेगवेगळ्या बेटांच्या बोटींना वेगवेगळी फाटके, आणि एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत चालताना दम लागतो. चुकीच्या फाटकावर गेलो तर बोट गेलीच म्हणून समजा. एस.टी.च्या स्टँडवर फलाट शोधायची सवय इथे कामी आली.

आम्ही ग्रीसला गेलोच कसे, असे वाचक विचारतील. आमचा भाचा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. त्याचे जहाज सिरोस बेटावरच्या गोदीत दुरुस्तीला लागले होते. “मामा, मामीला घेऊन या, राहायची सोय मी बघतो,” असा त्याचा फोन आला. आम्ही पतपेढीचे कर्ज काढले, शिल्लक रजा मोजली, व्हिसासाठी तीन खेपा घातल्या. आमचे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. जन्मभर त्यांनी जहाजांच्या पोटात गोण्या टाकल्या, पण उतारू म्हणून त्यांचा पाय कधी जहाजावर पडला नाही. त्यांचा नातू आता जहाजाचे इंजिन चालवतो. कर्ज काढायला आम्हाला एवढे कारण पुरेसे वाटले.

तिकिटे दोन प्रकारची. वेगवान बोट दोन-अडीच तासांत सिरोसला नेते, पण भाडे जवळजवळ दुप्पट आणि डेकवर मोकळे फिरता येत नाही. साध्या मोठ्या बोटीला साडेतीन-चार तास लागतात. आम्ही साध्या बोटीचे सर्वात स्वस्त तिकीट काढले. त्यात खुर्चीचा नंबर नसतो, जागा मिळेल तिथे बसायचे. आम्ही वरच्या डेकवर बसलो, घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. शेजारच्या म्हातारीने आम्हाला ऑलिव्ह दिले, आमच्या आयुष्मतींनी तिला दशमी दिली. भाषा एकमेकींची कळत नव्हती, तरी दोघी बराच वेळ बोलत होत्या.

या बोटी म्हणजे बेटांची एस.टी. आहे. खालच्या मजल्यावर भाजीचे ट्रक, टेम्पो, मोटारी; वर माणसे. बेटावरचा माणूस दवाखान्याला, कोर्टाला, मुलाच्या कॉलेजला याच बोटीने जातो. ज्या लहान बेटांवर उतारू कमी, तिथली बोट कंपनीला परवडत नाही. अशा मार्गांना ग्रीक लोक ‘वांझ मार्ग’ म्हणतात आणि सरकार त्यांना अनुदान देते. हिशेबाच्या वहीत तो तोटाच दिसणार. पण बोट बंद केली तर बेटावर फक्त म्हातारी माणसे उरतील, हे त्या सरकारला कळलेले आहे. आम्ही बी.कॉम. झालेले असल्याने तोट्याच्या रकान्याकडे आमची नजर आधी जाते. इथे मात्र तो रकाना आम्हाला आवडला.

बेट आले की बोट पाठमोरी धक्क्याला लागते. ट्रकचा फाळका पाडावा तसे मागचे लोखंडी दार साखळ्यांच्या खडखडाटात खाली येते. उतारू आधीच तळमजल्यावर, ट्रकांच्या मध्ये, डिझेलच्या वासात बॅगा धरून उभे असतात. दार टेकते न टेकते तोच शिट्ट्या, आरडाओरड, माणसे उतरतात, ट्रक उतरतात, नवी माणसे चढतात आणि थोड्याच मिनिटांत बोट निघालेलीही असते. या घाईत माणसाच्या जिवाची किंमत काय राहते, हे सप्टेंबर २०२३ मध्ये पिरेअसला दिसले. उशिरा धावत आलेला एक उतारू दारावर चढू पाहत होता. खलाशांनी त्याला ढकलले, तो पाण्यात पडला आणि बुडाला. बोट तशीच पुढे निघाली होती. लोकांनी ते मोबाईलवर टिपले, सारा देश खवळला, आणि पुढे जहाजवाहतूक मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या दारावरून पाऊल टाकताना आम्ही दोघांनी एकमेकांचा हात धरला होता.

सिरोसचे मुख्य गाव एर्मुपोली. १८२० च्या दशकात तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात किऑस, प्सारा वगैरे बेटांवरून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी ते वसवले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या त्या लोकांनी पुढे गोदी काढली, संगमरवरी चौक बांधला, १८६४ मध्ये नाट्यगृहही उभे केले. वरच्या टेकडीवरचे जुने गाव आनो सिरोस. मार्कोस वाम्वाकारिस हा गायक १९०५ साली इथे जन्मला. गरिबीमुळे पोरवयात तो पिरेअसला गेला, गोदीत हमाली केली, खाटीकखान्यात राबला आणि बुझुकी नावाचे तंतुवाद्य शिकला. प्रतिष्ठित लोक त्या गाण्यांना नाके मुरडत, १९३६ नंतरच्या हुकूमशाहीने त्यांच्यावर सेन्सॉर बसवला. आज त्याच मार्कोसच्या नावाने गावात चौक आहे आणि संग्रहालय आहे. भाच्याला आम्ही म्हटले, “अरे, हा तर आपल्या आजोबांच्या धंद्यातला निघाला!”

भाच्याला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. शनिवारी संध्याकाळी तिघे बोटीने मिकोनोसला गेलो आणि रविवारी सकाळी तिथून लहान बोटीने डेलोसला. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास, पण लाटा अंगावर येत होत्या. डेलोस जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे, उघडेबोडके बेट. प्रवाशांना तिथे रात्री राहायला मनाई आहे. अपोलो या देवाचा जन्म तिथे झाला अशी ग्रीकांची श्रद्धा होती, म्हणून ते पवित्र.

आता हे पावित्र्य कसे ते पाहा. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने फर्मान काढले की या बेटावर कोणी जन्मायचे नाही आणि कोणी मरायचे नाही. जुनी थडगी उकरून हाडे समोरच्या रेनिया बेटावर नेऊन टाकली. दिवस भरलेली बाई आणि शेवटच्या घटका मोजणारा माणूस, दोघांनाही खाडी ओलांडून रेनियाला न्यायचे. म्हणजे विटाळ! आम्हाला वाटले होते की हा शब्द फक्त आपल्याच देशाने शोधला. आमच्या आयुष्मती बराच वेळ त्या पलीकडच्या बेटाकडे बघत होत्या. म्हणाल्या, “अहो, कळा सुरू झालेल्या बाईला या असल्या लाटांतून होडीत घालून नेत असतील?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

आणि हेच बेट पुढे गुलामांची बाजारपेठ झाले. इ.स.पू. १६६ च्या सुमारास रोमने डेलोसला करमुक्त बंदर केले, तेव्हा व्यापारी जमले. स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो की तिथे एका दिवसात दहा-दहा हजार गुलाम आणून विकले जाऊ शकत. बाळंतिणीने देव बाटत होता, साखळदंडातल्या माणसांनी बाटत नव्हता. त्याच शतकात इथल्या गुलामांनी बंड केल्याचीही नोंद आहे. मार्गदर्शक मात्र संगमरवरी सिंह आणि फरशीवरची चित्रे दाखवत होता. ती सुंदर आहेत, नाही म्हणत नाही.

आम्हाला तिथे मज्झिम निकायातले अस्सलायन सुत्त आठवले. ब्राह्मणच श्रेष्ठ, असा वाद घालायला आलेल्या अस्सलायन नावाच्या तरुणाला तथागत विचारतात की योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? योन म्हणजेच हे यवन, ग्रीक. वर्ण हे देवाने दिलेले नाहीत, हे सांगण्यासाठी तथागतांनी यवनांचे उदाहरण घेतले. पुढे याच यवनांपैकी मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारताना दिसतो, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. भाच्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “मामा, दासाचा मालक कितीजण झाले असतील, ते मात्र सुत्तात नाही.” पोरगा विचार करतो, बरे वाटले.

दुपारी मिकोनोसला परतलो तोवर उत्तरेचा वारा पिसाळला होता. या वाऱ्याला मेल्तेमी म्हणतात. तो आठच्या जोरावर गेला की तटरक्षक दल मोठ्या बोटींनाही बंदी करते. आमची संध्याकाळची बोट रद्द झाली. तिकीट दुसऱ्या दिवशी चालणार होते, पण सोमवारी सकाळी भाच्याला कामावर हजर व्हायचे होते, आणि मिकोनोसची खोली आणखी एका रात्रीसाठी आम्हाला परवडणारी नव्हती. आम्ही चिडलो. एवढी मोठी बोट, वाऱ्याला काय घाबरता, असे काहीबाही बोललो.

भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, असे बोलू नका.” मग त्याने सांगितले. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री, जोराच्या वाऱ्यात, ‘एक्स्प्रेस सामिना’ ही १९६६ साली बांधलेली बोट पारोस बेटाजवळच्या पोर्तेस खडकांवर आदळली. बोटीवर पाचशेहून जास्त माणसे होती. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून असलेले पोलादी दरवाजे बंद असायला हवे होते, त्यातले बहुतेक उघडे होते. ऐंशीहून अधिक माणसे गेली. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना पारोसच्या कोळ्यांनी आपल्या लहान होड्या त्या वादळात घालून बाहेर काढले. “ते दरवाजे बघणे हे आमच्याच खात्याचे काम असते,” तो म्हणाला. त्यानंतर बंदीविरुद्ध आम्ही तोंड उघडले नाही.

रात्र बंदरातल्या बाकांवर काढली. आमच्यासारखी आणखी पंचवीस-तीस माणसे होती: हॉटेलात भांडी घासणारी पोरे, एक लहान मूल घेतलेली बाई, दोन ट्रक ड्रायव्हर. ड्रायव्हरने ट्रकमधली ताडपत्री काढून वाऱ्याच्या बाजूला बांधली. शेवटच्या दोन दशम्या सगळ्यांत तुकडे-तुकडे करून गेल्या. भाच्याने वरिष्ठांना फोन केला. त्याचा एक दिवसाचा पगार जाईल असे उत्तर आले.

सोमवारी दुपारी बंदी उठली. सिरोसला बोट पाठमोरी लागली, साखळ्या खडखडल्या. दार पुरते टेकायच्या आत भाचा उडी मारायला पुढे सरला, तेव्हा मामीने मागून त्याचा शर्ट घट्ट धरला.

“दार टेकू दे आधी,” ती म्हणाली. “पगार गेलाच आहे.”