शेपटी, प्रश्नचिन्ह आणि फेलिक्स

मूकपटांना आवाज नव्हता, म्हणून त्यांनी हावभावांवर आणि पाट्यांवर भागवले, असे आपण सहज म्हणून जातो. फेलिक्स या काळ्या बोक्याचे कार्टूनपट पाहिले की हे म्हणणे टिकत नाही. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅट सलिव्हनच्या स्टुडिओतून ‘फेलाइन फॉलीज’ बाहेर पडला, तेव्हा या बोक्याचे नाव मास्टर टॉम होते. त्यात वाद्यातून निघालेले सूर पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या शेपटीवाल्या टिंबांसारखे हवेत तरंगतात, आणि त्याच टिंबांच्या गाड्या करून बोका आणि त्याची मैत्रीण फिरायला निघतात. ऐकू न येणारा सूर इथे हाताला लागतो, त्याच्यावर बसता येते. ही उणिवेची भरपाई नव्हे. कथा सांगण्याची ही एक स्वतंत्र रीत आहे, आणि माझ्या मते ती त्या काळातच परिपूर्ण झाली होती.

पडद्यावर नाव सलिव्हनचे असले तरी फेलिक्स घडवला तो ऑटो मेस्मरने, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मेस्मरने आधी चार्ली चॅप्लिनवरचे कार्टूनपट काढले होते, आणि माणूस चालण्यातून कसा कळतो हे तो तिथे शिकला. फेलिक्सपुढे अडचण आली की तो हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून येरझारा घालतो. डोक्यावर प्रश्नचिन्ह उगवते. मग तो ते प्रश्नचिन्ह उपटून त्याचा आकडा करतो, किंवा शेपटी काढून तिची काठी करतो. ‘फेलिक्स इन हॉलिवूड’मध्ये (1923) शेपटीची छडी फिरवत तो चॅप्लिनची नक्कल करतो, तीही चित्रातल्या चॅप्लिनसमोरच. शेपटी गमावलेला फेलिक्स प्रश्नचिन्हच मागे चिकटवून घेतो, या प्रसंगावर हंगेरियन चित्रपटविचारक बेला बालाझ यांनी लिहिले आहे. या जगात वस्तू आणि तिची रेघ वेगळी नसतेच, हे त्यांनी नेमके हेरले. मी त्यात एवढीच भर घालीन की इथे विचार करणे हीच घटना असते: कथेची कळ येरझारांत आहे, पाठलागात नाही.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी चिन्हे वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांतून उचललेली आहेत. उचललेली आहेतच. पण कागदावरचे प्रश्नचिन्ह जागचे हलत नाही. ते वाचून आपण पुढच्या चौकटीकडे जातो. पडद्यावर त्याला वजन येते, ते पडते, वाकते, कामाला येते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हे सारे काटकसरीतून आले. येरझारांची तीच ती चित्रे पुन्हा वापरता येत, आणि चित्रकार बिल नोलनने फेलिक्सचा कोनदार देह गोलाकार केला तोही काढायला सोपा जावा म्हणून. हे मला मान्य आहे, पण त्याने रीत हलकी ठरत नाही. मोजक्या रेघांत काम भागवायचे ठरल्यावर प्रत्येक रेघेला दोन-दोन कामे द्यावी लागली, आणि त्यातूनच शेपटीला तिची बुद्धी मिळाली. कथा सैल असत, हे मात्र खरे. भूक, हकालपट्टी, प्रवास, युक्ती या चार खुंट्यांपलीकडे बरेचसे भाग जात नाहीत. त्याहून गंभीर दोष म्हणजे माणसालाही चिन्हच करून टाकण्याची सवय: त्या काळच्या अमेरिकी कार्टूनपटांतली आफ्रिकी वंशाच्या माणसांची चित्रे आज पाहवत नाहीत, आणि त्यांचे समर्थन करू नये.

नोव्हेंबर 1928 मध्ये ‘स्टीमबोट विली’ हा आवाज असलेला कार्टूनपट आला आणि मिकी माऊसने बाजार जिंकला. सलिव्हनने आवाजाकडे वळायला उशीर केला, हे नेहमी सांगितले जाणारे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. विचार ऐकू येऊ लागल्यावर डोक्यावरचे प्रश्नचिन्ह नुसती सजावट उरले. त्याला उपटण्याची गरजच गेली. त्याच वर्षीच्या ‘कॉमिकॅलॅमिटीज’मध्ये फेलिक्स आपल्याला काढणाऱ्या चित्रकाराच्या हाताशीच हुज्जत घालतो, इतकी ही रीत स्वतःविषयी सजग झाली होती. पुढे जुन्याच मूकपटांना संगीत आणि आवाज चिकटवून ते पुन्हा विकले गेले, आणि आज हाती लागणाऱ्या बऱ्याच प्रती त्याच आहेत. तेव्हा फेलिक्स पाहाल तेव्हा आवाज बंद करून पाहा.