पायरीवरची पोळी

सावर्ड्याच्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानाच्या पायरीवर कित्येक वर्षे रोज दिवेलागणीला पोळ्यांचे तुकडे पडत असत. चौविहारामुळे घरातील सर्वांची जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपत. उरलेल्या पोळ्या शेठ स्वतः खाली घेऊन येत आणि शटर अर्धे ओढण्यापूर्वी कुत्र्यांना घालीत. त्यांच्या वडिलांचाही हाच नेम होता. त्या काळी पायरीशी दोन कुत्री येत. पुढे मुंबई-गोवा महामार्गावरची वर्दळ वाढली, खाणावळी वाढल्या, त्यांच्यामागचे उकिरडे वाढले आणि पायरीशी येणारी कुत्री सात झाली. पोळ्या वाढल्या एवढाच फरक शेठांच्या ध्यानात आला.

२०२२च्या आषाढात गोदामाच्या पत्र्याखाली भिजत पडलेले एक पिल्लू नातीने उचलून घरात आणले. घरात ज्यांना सारे ‘बा’ म्हणतात त्या शेठांच्या मातोश्रींनी प्रथम हरकत घेतली. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते, कुत्री-मांजरे पोसणे त्यातलेच, असे त्यांचे म्हणणे. ते धंद्यासाठी प्राणी पोसण्याविषयी आहे, असे शेठांनी समजावले. बांना ते पटले, की नातीचा चेहरा पाहून त्या गप्प राहिल्या, हे सांगणे कठीण. पिल्लाचे नाव वाघ्या ठेवण्यात आले. दूधभाकरी आणि ताकभातावर ते अंगाने भरले, पण नावाला जागले नाही. दिवाळीचा पहिला फटाका वाजला, की वाघ्या तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसे.

त्याला रोज संध्याकाळी फिरवून आणणे हे काम आपोआप शेठांकडे आले. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलेच होते. दुकान बंद करून सावर्डा रेल्वे स्थानकाच्या रस्त्याने थोडे जायचे आणि परत यायचे, असा क्रम ठरला. अडचण एकच होती. पोळ्या खाऊन पायरीभोवती पसरलेली ती सात कुत्री वाघ्याला पायरी उतरू देईनात. पायरी त्यांची होती. ती त्यांची कोणी केली, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. शेठांनी एक वेताची काठी घेतली, वाघ्याची लोखंडी साखळी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली आणि ते रोज तसेच निघू लागले.

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे खेड्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी पिल्ले होतात. २०२५च्या कार्तिकात त्या सातांतली एक पिवळी कुत्री बाजूच्या हातगाडीखाली व्याली. ते शेठांना ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी वाघ्याने हातगाडीकडे नुसते नाक वळवले आणि कुत्री अंगावर आली. साखळी ताणली गेली, वाघ्या मागच्या पायांवर उभा राहिला, बाकीची कुत्री धावली. वाघ्याचा कान फाटला. शेठांची काठी उठली आणि कुत्रीच्या पुढच्या पायावर बसली. ती ज्या आवाजात ओरडली, तो आवाज माडीवर बांनाही ऐकू गेला.

कार्तिकी चौदसेचे चौमासी प्रतिक्रमण दोन दिवसांवर होते. अहिंसाव्रताचे पाच अतिचार शेठांना लहानपणापासून पाठ आहेत: वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. यातला वध म्हणजे ठार मारणे नव्हे. काठी, चाबूक, वेत यांनी केलेला प्रहार, असाच अर्थ टीकाकारांनी दिलेला आहे. हा अर्थ शेठांनी प्रवचनात अनेकदा ऐकलेला होता. त्या रात्री मात्र तो शब्द उच्चारताना त्यांचा हात वेताची मूठ धरल्यासारखा आवळला गेला, असे त्यांनी नंतर घरी सांगितले. गृहस्थाला विरोधी हिंसेची सवलत आहे, संकटात स्वतःचा आणि आश्रिताचा बचाव करावाच लागतो, असे शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी समाधान केले. ते खोटे नव्हते. पण कुत्री पिल्लांचा बचाव करीत होती आणि शेठ वाघ्याचा. दोन बचाव समोरासमोर आल्यावर काठी एकाच्याच हातात होती.

एवढ्यावर हे थांबले नाही. आठवडाभराने दुकानातला हमाल पहाटे टेंपोतून साखरेची पोती उतरवीत असताना त्याच टोळीतल्या एका कुत्र्याने त्याच्या पोटरीचा लचका घेतला. रक्त आले. कोणी हळद आणली, कोणी चुना. शेठांच्या सूनबाई शिकलेल्या. त्यांनी दोन्ही बाजूला सारून हमालाला नळाखाली बसवले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली. हे पंधरा मिनिटांचे धुणे लोकांना क्षुल्लक वाटते, प्रत्यक्षात अर्धी लढाई तिथेच असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की वैद्यकाच्या हाती जवळजवळ काही उरत नाही. त्याआधी मात्र सर्व काही त्याच्या हाती असते. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळाली. त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेले असल्याने जखमेत टोचावयाचे सीरमही दिले गेले. शेठांनी सर्व दिवसांची मजुरी दिली, स्वतः गाडीतून नेले-आणले. तिसऱ्या दिवशी परत येताना हमाल सहज म्हणाला, “शेठ, तुमच्याच पोळीवरचा होता तो कुत्रा.”

त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य शेठांना लागले.

शेजारच्या दुकानदारांनी सांगितले, की पोळ्या बंद करा, कुत्री आपोआप जातील. शेठांनी चार दिवस बंद केल्या. पाचवा अतिचार, भक्तपानविच्छेद, म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी तोडणे. तो रोज संध्याकाळी समोर येऊन बसे आणि शटरकडे पाहत राही. कुत्री गेली नाहीतच. ती अधिक भुकेली झाली, दुचाकींमागे लागू लागली, शाळेच्या मुलांच्या डब्यांचा वास घेत फिरू लागली.

याच सुमारास वर्तमानपत्रांत सर्वोच्च न्यायालयाचे आदेश गाजत होते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री सोडू नयेत आणि रस्त्यावर कुठेही खाऊ न घालता त्यासाठी जागा नेमून द्याव्यात, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलविण्याचा आदेश आला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचे यावर मत होते. प्राणीप्रेमी एका बाजूला, चावलेले दुसऱ्या बाजूला. शेठ दोन्ही बाजूंना होते आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत गप्प राहत.

बांनी तेव्हा मोतीशा शेठांची गोष्ट काढली. गोष्ट जैन घरांत ऐकलेली असते, पण तिचा पूर्वार्ध सहसा कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा मुंबई सरकारचा हुकूम होता. जून १८३२मध्ये त्यावरून कोटात दंगल उसळली. पारशी पुढे होते, हिंदू आणि जैनही सामील झाले, दुकाने बंद पडली. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा, यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. विरोध करणे दोन दिवसांचे काम होते. जागा घेणे, आवार बांधणे, चारापाण्याचा खर्च कायमचा अंगावर घेणे, हे व्यापाऱ्याचे काम होते आणि ते त्यांनी व्यापाऱ्यासारखे, हिशेब मांडून केले. बा एवढेच म्हणाल्या, “त्यांनी नुसती पोळी नाही टाकली.”

शेठांनी हिशेब मांडला. चिपळूणच्या एका पशुवैद्यांना गाठले. सात कुत्र्यांना रेबीजची लस, तीन माद्यांची नसबंदी, ने-आण, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस. पिवळीची पिल्ले दूध सोडीपर्यंत तिला हात लावायचा नाही, हे वैद्यांनी बजावले. बाजारातील चार दुकानदारांनी वाटा उचलला, दोघांनी उचलला नाही. ज्यांची पोळी पायरीवर येई तीच कुत्री पकडता आली, हे विशेष. रोज हातून खाणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी घालणे सोपे जाते. अन्नाचा उपयोग इथे प्रथम झाला. आणि खाऊ घालण्याची जागा बदलली. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही हेच आहे: ये-जा करण्याच्या वाटा, जिने आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा टाळाव्यात, वेळ ठरवून घ्यावी. आता सकाळी सहाला, गोदामाच्या मागच्या जांभ्याच्या गडग्याशी, एकमेकांपासून दूर ठेवलेल्या पत्रावळींवर पोळ्या मिळू लागल्या. पंधरवड्यात संध्याकाळची पायरी मोकळी झाली. तिथे राखण्यासारखे काही उरले नव्हते.

राहिला प्रश्न फिरण्याचा, कारण गावात कुत्री काही सातच नव्हती. वैद्यांनी वाघ्याचा कान शिवताना मनगटावरचे साखळीचे वळ पाहिले आणि प्रथम साखळीच काढायला लावली. ताणलेली साखळी कुत्र्याची छाती वर उचलते, समोरच्याला ती चाल वाटते आणि मालकाची भीती साखळीतून थेट कुत्र्यापर्यंत पोहोचते. बंध हाही अतिचारच. बांधावेच लागले तर सैल बांधावे, हे शास्त्राने किती जुन्या काळी सांगून ठेवले आहे! साखळीऐवजी पाच-सहा फुटांचा कापडी पट्टा आला. तो आखूड धरायचा, पण ताणायचा नाही, आणि मनगटाला गुंडाळायचा नाही, कारण कुत्र्याने झेप घेतली तर माणूस तोंडघशी पडतो.

काठीच्या जागी छत्री आली. ही गोष्ट वैद्यांनी हसत सांगितली होती, शेठांनी ती गंभीरपणे घेतली. आचारांगात भगवान महावीरांच्या लाढ देशातील विहाराचे वर्णन आहे. तिथे लोक त्यांच्यावर कुत्री सोडीत. इतर श्रमण काठ्या घेऊन फिरत आणि तरीही त्यांना कुत्री चावत. भगवंतांनी दंड टाकलेलाच होता. त्यांचे सहन करणे गृहस्थाला साधणारे नाही, पण काठी असूनही चावे चुकत नाहीत, हा त्यातला अनुभव कोणालाही पडताळता येतो. छत्री मारीत नाही. अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर ती फट्‌कन उघडली, की मध्ये एक भिंत उभी राहते आणि माणूस एकाएकी मोठा दिसतो. मात्र आधी आठवडाभर घरच्या अंगणात वाघ्यासमोर छत्री हळूहळू उघड-मीट करावी लागली, नाहीतर पहिला पळाला असता तो वाघ्याच. पौष महिन्यात कोरड्या आभाळाखाली छत्री घेऊन निघालेल्या शेठांना बाजारात विचारणा होई, “काय शेठ, पावसाचा अंदाज आहे वाटतं?”

छत्रीची वेळ क्वचितच येते. आधीच पुष्कळ काही करता येते, हे शेठांना सरावाने कळले. दुरून भुंकणारे कुत्रे बहुधा ‘येऊ नका’ एवढेच म्हणत असते. त्याचे ऐकून रस्ता ओलांडावा, त्यात मानहानी नाही. शेपूट ताठ, मान खाली, अंगावरचे केस उभे आणि भुंकणे बंद, अशा कुत्र्यापुढे थांबावे. धावू नये, पाठ फिरवू नये, डोळ्याला डोळा देऊ नये. अंग तिरपे करून, आपले कुत्रे दुसऱ्या बाजूला घेऊन, कमानीसारखा वळसा घालीत निघून जावे. खिशातली मूठभर बिस्किटे दूर भुईवर फेकली, तर टोळीचे लक्ष तिकडे जाते. दगड उचलण्यासाठी वाकल्याचा आव आणला, की गावठी कुत्री पळतात, हे खरे. पण एकदा दगड खाल्ल्याशिवाय ती तशी पळत नाहीत, म्हणून शेठांनी ते सोडले. आणि झुंज लागलीच तर मध्ये हात घालायचा नाही. बादलीभर पाणी, शटरचा दणका, नाहीतर दोघांच्या मध्ये फेकलेले गोणपाट. नंतर केसांखाली बोटे फिरवून दातांच्या खुणा शोधायच्या, कारण वरून त्या दिसत नाहीत. वाघ्याचे लसीकरण दरवर्षी होत असे, तरीही त्या चाव्यानंतर वैद्यांनी त्याला पुन्हा डोस दिला.

पिवळीचा पाय बरा झाला, पण चाल लंगडीच राहिली. तिच्या चार पिल्लांपैकी दोन जगली. त्यातले एक हमालाने घरी नेले. तिची नसबंदी झाली, कानाच्या टोकाला खुणेचा छेद आला. शेठ सकाळी पत्रावळी मांडतात तेव्हा ती सर्वांत शेवटी येते आणि ते चार पावले मागे गेल्याखेरीज तोंड लावीत नाही.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी स्थानकाच्या रस्त्यावर ती समोरून आली. वाघ्या थांबला. शेठांनी पट्टा सैल सोडला, अंग तिरपे केले, छत्रीच्या बटणावर अंगठा ठेवला आणि ते उभे राहिले. पिवळी दोनदा भुंकली. तिने वाघ्याकडे पाहिले, मग छत्रीकडे, बराच वेळ. मडगावकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी झाली. पिवळी रस्त्याच्या कडेकडेने, तीन पायांवर भार देत, त्यांना वळसा घालून बाजाराकडे निघून गेली. वाघ्याने गडग्याच्या एका चिऱ्याशी पाय वर केला. शेठांनी बटणावरून अंगठा काढला.