घरात एक चांगला डिसमिस असू द्या



बैल घेताना आपण त्याचा दात बघतो. विळा घेताना धारेवर अंगठा फिरवतो. पण डिसमिस घेताना? मुठीचा रंग बघतो, भाव पाडतो आणि पिशवीत टाकतो. मीही तेच केले होते. त्याचीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या बागेवर गेलो होतो. मोटारीच्या स्टार्टरमधला एक स्क्रू ढिला होऊन वायर काळी पडली होती. मालकाने विचारले, "साहेब, डिसमिस आहे का?" मेन स्विच बंद करून मी आठवडी बाजारात घेतलेला माझा डिसमिस ऐटीत पुढे केला. पहिल्याच पिळाला त्याचे टोक मुरगळले आणि स्क्रूची खाच गुळगुळीत झाली. स्क्रू आवळेनाही आणि निघेनाही. "चालेल तेवढं" म्हणत आम्ही झाकण लावले. रात्री थ्री फेज आली, मोटार सुरू झाली. ढिला जोड तापून एक फेज गेला आणि उरलेल्या दोन फेजवर मोटार जळाली. ती भरून येईपर्यंत चार दिवस बाग टँकरवर जगवावी लागली. मालक मला एका शब्दाने बोलला नाही. तेच मनाला जास्त लागले.

तेव्हापासून मी डिसमिस पारखून घेतो. तुम्हीही घ्या. पाते क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असावे. चपट्या डिसमिसचे टोक सरळ व कडा चौकोनी हव्यात. पाचरीसारखे निमुळते टोक खाचेतून वर सरकते. एका हातात मूठ व दुसऱ्या हातात पाते धरून पिळून बघा. जरा जरी हलले तरी परत ठेवा. अशी चांगली हत्यारे परदेशातूनच येतात असे नाही. टपारियाची हत्यारे आपल्या नाशिकला बनतात. मात्र नकली माल टाळण्यासाठी ओळखीच्या दुकानातून, बिल मागूनच घ्या.

घराला तीन पुरतात: एक बारीक चपटा, एक मोठा चपटा आणि एक दोन नंबरचा फुलीचा. टोक खाचेत काठोकाठ बसेल तोच वापरा. शिलाई मशीनच्या स्क्रूला मोटारीचा डिसमिस लावू नका.

डिसमिस म्हणजे छिन्नी नव्हे, पहारही नव्हे. डब्याची झाकणे त्याने उचकटू नका. टोक झिजले तर कानशीने हळू घासा. ग्राइंडरवर निळे पडेपर्यंत तापवले, तर पोलादाचे पाणी उतरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. लाइट गेली आहे म्हणून स्टार्टर उघडू नका. ऑटो स्विच असेल तर लाइट येताच मोटार सुरू होते. साधी प्लॅस्टिकची मूठ विजेपासून वाचवत नाही. 1000 व्होल्टची खूण असलेला डिसमिस वेगळा मिळतो. तो हातात असला तरी आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच झाकणाला हात लावा.

दात कोरून पोट भरत नाही. डिसमिसवर वाचवलेल्या चार पैशांनी माझे घर भरले नाही, दुसऱ्याची बाग मात्र सुकायला आली होती. पुढच्या बाजारी डिसमिस घ्याल, तेव्हा बैलासारखाच त्याचाही दात बघा.